पहिल्याचा बाप

आमच्या ह्यांना रक्ताची फार पारख. असं मी म्हणत नाही, हे स्वतःच म्हणतात, आणि एकदा म्हणून त्यांचं पोट भरत नाही. लोकर न्यायला आलेला व्यापारी असो की छपराचे पत्रे ठोकायला आलेला सुतार, चहाचा कप हातात पडायच्या आधी त्याला आमच्या कळपाची जन्मकथा ऐकावी लागते. डोंगरी मेंढी काटक, पण अंगाने किरकोळ. सपाटीवरचा एडका अंगाने भरलेला, पण नाजूक. ह्यांनी दोघांचा संकर करायचं ठरवलं, लोकांनी वेड्यात काढलं, आणि अठरा वर्षांत असा कळप उभा राहिला की पाठ टेबलासारखी रुंद आणि गारा पडत असल्या तरी मान खाली घालून चरणं चालू. हे सगळं सांगताना 'मी' किती वेळा येतो ते मी एकदा मोजत होते. सव्विसाव्याला दूध उतू गेलं, म्हणून मोजणं सोडलं.

खरं काय घडलं ते दोघांनाच माहीत होतं. एक मी, आणि दुसरे भिंतीपलीकडचे भाऊजी.

भाऊजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ. दोघांच्या वडिलांनी डोंगर वाटून घेतला आणि मधे छातीइतकी उंच दगडी भिंत घातली. झरा त्यांच्या बाजूला गेला, आणि ह्यांचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. भाऊजींनी लग्न केलं नाही. त्यांचे केस कायम कपाळावर, त्यांच्या मेंढ्यांच्याही कपाळावर तसलीच झुलपं. ह्यांनी त्यांचं नाव 'झिपऱ्या' ठेवलं आणि त्यांच्या कळपाला 'चालत्या केरसुण्या' म्हणायला लागले. बाजाराच्या दिवशी चार माणसांत, भाऊजी समोर उभे असताना म्हणायचे. भाऊजी हसायचे आणि आपल्या मेंढ्या हाकत पुढे जायचे.

आता मूळ गोष्ट.

ह्यांनी सपाटीवरून एडका आणला त्याला आम्ही सरदार म्हणायचो. खरंच देखणा होता. छाती एवढी की दारातून आत येताना दोन्ही बाजूंना लोकर घासायची. तो आल्या दिवशीच ह्यांनी आमचे डोंगरी एडके विकून टाकले, म्हणजे मागे वळून बघायला नको. पहिल्या वेताची कोकरं बघून ह्यांना रात्र रात्र झोप नव्हती. लठ्ठ, गुबगुबीत. मग वसंत ऋतूत उलटा गारठा आला, दोन दिवस बर्फाळ पाऊस पडला आणि निम्मी कोकरं मेली. लोकर स्पंजासारखी पाणी प्यायची आणि अंगावर तशीच ओली राहायची. उरल्या त्या चौदा माद्या. त्यांना मी चुलीजवळ आणून, पोत्यांनी पुसून जगवलं होतं.

पुढचा हिवाळा गेला, त्याच्या पुढचा तोंडावर आला, चौदा जणी वयात आल्या. ह्यांनी जाहीर केलं की त्यांच्यावर पुन्हा सरदारच सोडायचा.

"अहो, बापच पुन्हा?" मी विचारलं.

"शास्त्र आहे ते. रक्त घट्ट करावं लागतं. तुला नाही कळायचं."

मला कळत होतं एवढंच की ह्या चौदाजणी अंगाने आधीच भरल्या होत्या आणि आभाळ आलं की सगळ्यांच्या आधी थरथरायला लागायच्या. त्यांना आणखी मांस नको होतं. त्यांच्या पोरांना पाऊस झेलणारी कातडी हवी होती. पण माझ्या म्हणण्याला त्या घरात विचारतो कोण! आणि मेंढ्या एडक्याला दाखवायच्या त्याच आठवड्यात हे कड्यावरून घसरले. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. शहरातल्या हॉस्पिटलात दोन महिने मुक्काम.

तिथून रोज दुपारी फोन. मी कशी आहे, जेवले का, असलं काही नाही. "रंग लागला का?"

रंग म्हणजे काय ते सांगते. एडक्याच्या छातीला गेरू आणि तेल चोळून सोडतात. तो ज्या मेंढीवर चढतो तिच्या ढुंगणावर तांबडा डाग पडतो. मेंढी दर सतरा दिवसांनी माजावर येते, म्हणून एडका सतरा दिवस मेंढ्यांत ठेवायचा. डाग कधी दिसला ते वहीत लिहिलं की पाच महिन्यांनी कोकरू कधी येणार ते कळतं. तर ह्यांना रोज दुपारी तांबड्या ढुंगणांची मोजदाद हवी असायची.

आणि सरदार? ओल्या जमिनीत त्याचे खूर सडले होते. तो जेवून बसलेल्या जावयासारखा गवतात पसरला होता. महिनाभर औषध लावलं, पट्ट्या बांधल्या, तरी उठायला तयार नाही. चौदा जणी त्याच्या पुढून येरझाऱ्या घालत होत्या आणि तो रवंथ करत होता.

मी फोनवर म्हणाले, "लागतोय."

का म्हणाले? कारण आदल्या दिवशी "अजून नाही" म्हटल्यावर ह्यांनी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एवढा आरडाओरडा केला की नर्सने फोन काढून घेतला. आणि लग्नाला चार वर्षं झाली होती, ह्यांचा राग म्हणजे काय ते मला हाडापर्यंत माहीत होतं. तर "लागतोय" म्हणाले. त्यावर हे म्हणाले, "ठीक. उद्या ताई येऊन बघेल."

ताई म्हणजे आमच्या वन्सं, ह्यांची थोरली बहीण. दुसऱ्याच्या घरात बोट फिरवून धूळ बघणारी बाई. सकाळी दहाच्या बसने येणार.

मी पहाटे उठले. गेरूचा डबा घेतला, चुना मारायचा ब्रश घेतला, गोठ्याचं दार लावून घेतलं आणि एकेकीला गुडघ्यात धरून चौदाच्या चौदा ढुंगणं रंगवली. काहींना कमी, काहींना जास्त, म्हणजे खरं वाटावं. एक जण उधळली तिच्या कानालाही लागला, तो घासून काढला. वन्सं आल्या, चपला मळू नयेत म्हणून फाटकातच थांबल्या, बोटाने चौदा मोजल्या. माझे तांबडे हात मी पदराखाली घेतले होते. "सरदार कामाचा आहे हो," म्हणाल्या, आणि चहा न घेता फोन करायला गेल्या.

हात धुतले, तेलातला गेरू काही निघेना, आणि तेव्हा लक्षात आलं. पाच महिन्यांनी ह्या चौदा जणींना विणं भाग होतं. रंग लागून बसला होता, एडका अजून यायचा होता.

मी तशीच भिंतीकडे गेले. भाऊजी पलीकडे एका मेंढीचे खूर कापत होते. मला बघून उठले.

"वहिनी? वाट चुकलात की काय?"

"भाऊजी, तुमचा एडका हवाय. सतरा दिवस."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत तांबडे होते. "आधी सांगा, कुणाला कापलंत?"

मी सगळं सांगितलं. ब्रशचं सांगितलं तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की त्यांनी चाकू खाली ठेवला. मग हसता हसता थांबले आणि म्हणाले, "दादाला कधी कळू देऊ नका. त्याला पेलायचं नाही ते."

सगळं मी घाबरून केलं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. भाऊजींकडे दोन एडके होते. एक चांगला उंच, शिंगं वळलेली. भाऊजी तोच द्यायला निघाले होते. सकाळपासून भुरभुर पाऊस चालू होता. मी दोघांच्या लोकरीत बोटं घातली. उंच एडक्याची लोकर मुळापर्यंत ओली. दुसरा ठेंगणा, झुलपाने डोळे झाकलेले, दिसायला अगदी केरसुणी. पण त्याच्या लोकरीत बोट घातलं तर मुळाशी कोरडं ठणठणीत आणि ऊबदार. अंग तर माझ्या चौदा जणींकडे होतंच. मी म्हटलं, "हा द्या." माझ्या आयुष्यात मी स्वतःच्या डोक्याने घेतलेला तो पहिला मोठा निर्णय. त्या घरात तरी तसा दुसरा झाला नाही.

भाऊजींनी भिंतीचे वरचे चार दगड उतरवले, एडका अलीकडे लोटला आणि दगड परत बसवले. सतरा दिवसांनी तसाच परत घेतला. ह्या सतरा दिवसांत भाऊजी भिंतीच्या अलीकडे एकदाही आले नाहीत, आणि मी पलीकडे गेले नाही. मी हे मुद्दाम सांगते आहे. का, ते कळेलच.

एडका परत गेल्यावर आठवड्याने हे कुबड्या घेऊन घरी आले.

वसंत आला, आणि पुन्हा तसाच उलटा गारठा. मेंढ्या नेमक्या त्यात व्यायल्या. मी पोती, शेगडी, सगळी तयारी करून बसले होते, आणि कशाचीच गरज पडली नाही. कोकरं पडायची, आई चाटायची, आणि पिल्लं गारांत उभी राहून आचळ शोधायची. एक नर तर आईचं चाटून होण्याआधीच उठला. चार पायांवर पक्का, छाती सरदारची, आणि कपाळावर झुलूप.

हे कुबडीवर रेलून बघत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "बघितलंस? रक्त! मी सांगत होतो ना?"

"आणि हे झुलूप?" मी भीत भीत विचारलं.

"सरदारच्या आजीकडून आलं असणार."

जशी काही आजी ह्यांच्या ओळखीची होती! त्या नराचं नाव ह्यांनी 'पहिला' ठेवलं. नव्या वाणाचा पहिला. उन्हाळ्यात सरदार गेला, त्याची शिंगं ह्यांनी दारावर ठोकली. उन्हाळा सरता सरता आमची पोरगी झाली, दोन आठवडे आधी, कोकरापेक्षा थोडीशीच मोठी. तिलाही मी पोत्यांऐवजी दुलईत गुंडाळून चुलीजवळच जगवलं.

पुढची अठरा वर्षं हा सगळा कळप पहिल्यापासून वाढला. दर वर्षी कुठली मादी ठेवायची, कुठली काढायची, हे मी गोठ्यात ठरवायचे आणि फाटकात उभ्या असलेल्या ह्यांना ते त्यांनीच ठरवलं असं वाटेल अशा बेताने सांगायचे. ह्यात काही मोठेपणा नाही, बहुतेक घरांत असंच चालतं. आधी मी भीतीने गप्प होते. नंतर ह्यांचा आनंद बघून गप्प राहिले, कारण कळपाकडे बघताना हा माणूस चांगला असायचा, पोरीला खांद्यावर घेऊन मेंढ्या दाखवायचा. पण आपण केलेलं काम वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या तोंडून ऐकत राहिलं की माणूस आतून कडू होतो. मी झाले. खोटं कशाला बोलू?

ह्या वर्षी ह्यांनी मेंढीपालक संघाकडे अर्ज केला. आमचा कळप स्वतंत्र वाण म्हणून मान्य व्हावा. अर्ज पोरीने लिहिला, कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून, हे सांगत होते तसा. संघाचा तपासनीस आला. शिडशिडीत, हळू बोलणारा माणूस. त्याने वीस मेंढ्यांचं रक्त घेतलं, वही बघितली, दारावरच्या शिंगाचा भुगा खरवडून पुडीत बांधला. मग म्हणाला, "शेजारच्या कळपाचंही घेतो. पद्धत आहे."

मी भाजी चिरत होते. बोट कापलं.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीपाशी गेले. भाऊजींना मला काही सांगावं लागलं नाही. "घाबरू नका," ते म्हणाले. "विचारलं तर मी म्हणेन, माझा एडका भिंत चढून गेला असेल. चढतात की. तुम्ही फक्त गप्प बसा, वहिनी. अठरा वर्षं बसलात, आणखी एक दिवस बसा."

तो एक दिवस गेल्या आठवड्यात आला. दुपारी तपासनीस कागद घेऊन आमच्या स्वयंपाकघरात बसला. हे टेबलाच्या टोकाशी, इस्त्रीचा शर्ट घालून. पोरगी बाजूला, केस सोडलेले, पेन घेऊन तयार. मी चहा ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

"कळप उत्तम आहे," तपासनीस म्हणाला. "मी इतकी वर्षं फिरतोय, असा पाहिला नाही. फक्त एक घोटाळा आहे. वहीत लिहिलंय की पहिल्याचा बाप सरदार. तसं नाही. सरदार त्याच्या आईचा बाप. म्हणजे आजा. पहिल्याचा बाप पलीकडच्या कळपातला आहे."

ह्यांनी कप खाली ठेवला. "कुठल्या पलीकडच्या?"

"भिंतीच्या."

ह्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांची खरोखर दया आली. तपासनीसालाही आली असावी. तो घाईघाईने म्हणाला, "अहो, घडतं असं. शेजारचा एडका भिंतीवरून उडी मारून आला असेल. आणि बरंच झालं. वहीत लिहिलंय तसं बाप-लेकींचं झालं असतं तर हा कळप दोन पिढ्यांत बसला असता. नियमात सोय आहे. ह्या फॉर्मवर खरं काय ते लिहायचं, सही करायची. मान्यता आजच्या आज."

 मग मी ह्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येताना पाहिला. आधी गालांवर, मग मानेत, मग आवाजात.

"उडी मारली," हे म्हणाले. "म्हणजे बघा! मी चौदा जणी अशा तयार केल्या होत्या की झिपऱ्याच्या केरसुणीलासुद्धा भिंत चढून यावंसं वाटलं." स्वतःच हसले. "मेंढ्या माझ्याच. नशीबही माझंच म्हणायचं." मग माझ्याकडे वळले. "आणि तू गं? तू काय झोपा काढत होतीस? मी तिकडे हाडं मोडून पडलोय, आणि तुला एक भिंत राखता आली नाही?"

पोरीने मान खाली घातली. तिला बापाचा हा आवाज लाजिरवाणा वाटतो, परक्या माणसासमोर जास्तच.

मी गप्प बसायला हवं होतं. भाऊजींनी सांगितलं होतं. सगळं निभावलं होतं. पण मला त्या क्षणी ते चौदा जणींचे गुडघ्यात धरलेले मागचे पाय आठवले, लोकरीच्या मुळाशी लागलेलं ते कोरडं आठवलं, आणि मी म्हणाले, "उडीबिडी नाही मारली. मी आणला."

"काय?"

"एडका. मी मागून आणला. सरदार खूर सडून पडला होता. वन्सं येणार म्हणून मी ब्रशने रंग लावला. आणि मग तो रंग खरा करायला एडका आणला. भाऊजी उंच एडका देत होते. मी ठेंगणा निवडला."

तपासनीस पुढे वाकला. "का निवडलात?"

आजवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं. भुरभुर पाऊस, बोटं, मुळाशी कोरडी लोकर, सगळं. तो ऐकत राहिला. चहा गार झाला त्याचा. पोरीने डोकं वर केलं होतं. "आई, ब्रशने? चौदाच्या चौदा?" आणि ती खो खो हसत सुटली. तपासनीसही हसला. मीही हसले. मला लाज नाही वाटत सांगायला, त्या दोन मिनिटांत मी फार सुखात होते.

हे हसत नव्हते.

हे मोजत होते. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, मेंढ्यांच्या तारखा मोजताना फिरतो तसा. एकदा मोजून झालं, पुन्हा पहिल्या पेरापासून सुरू केलं. मला वाटलं, कोकरांचा हिशोब जुळवताहेत. मग अंगठा थांबला, आणि ह्यांनी मान वर करून पोरीकडे पाहिलं. तोंडाकडे नाही. कपाळाकडे. तिथे तिचे केस आले होते, हसताना येतात तसे.

मग तपासनीसाकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "माणसांचंही होतं का हो हे?"

"काय?"

"ही तपासणी."

मला लगेच कळलंच नाही. माणूस आपल्या नवऱ्याला कितीही ओळखत असला तरी काही गोष्टी कळायला वेळ लागतो. पोरीला माझ्या आधी कळलं. तिचं हसू तोंडावरच वाळलं. दोन आठवडे आधी झालेली पोर. ते दोन आठवडे धरले नाहीत तर हिशोब थेट त्या सतरा दिवसांत जाऊन पडतो. हे मला नंतर उमगलं. आयुष्यभर मेंढ्यांच्या तारखा मोजलेल्या माणसाला उमगायला पेरं दोनदा मोजावी लागली, एवढंच.

 पोरीने डाव्या बाहीचं बटण काढलं, बाही कोपराच्या वर दुमडली आणि हात टेबलावर ठेवला, त्या कागदांवर, तळवा वर करून.

"घ्या," ती तपासनीसाला म्हणाली.

तो बिचारा गोरामोरा झाला. "नाही, नाही. अहो, आमच्याकडे फक्त जनावरांचं होतं."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. मला माझ्यासाठी काही नको होतं, देवाशपथ सांगते. माझ्यावर ओरडले असते, कप फेकला असता, आयुष्यात पुन्हा बोलले नसते तरी चाललं असतं. एवढंच हवं होतं की त्या हाताकडे बघून ह्यांनी म्हणावं, राहू दे, बाही खाली घे. ज्या पोरीला खांद्यावर बसवून कोकरं दाखवली तिचा हात होता तो. लहानपणी तारेने ओरखडलेल्याचा व्रणसुद्धा होता त्यावर. ह्यांनीच पट्टी बांधली होती.

ह्यांनी हाताकडे पाहिलं. घसा खाकरला.

"मग कुठे होतं?"

मला वाटलं होतं, असलं काही झालं तर मला राग येईल. राग नाही आला. किळस आली. बावीस वर्षं ज्याच्या ताटाशी ताट लावून जेवले त्याची.

पोरीने बाही खाली घेतली. बटण लावलं. मग तिने वहीतून एक पान फाडलं आणि लिहायला लागली. "शहरात होतं, बाबा. बसस्टँडसमोर, दुसऱ्या मजल्यावर. आमच्या कॉलेजची बस त्यावरूनच जाते. सकाळी नऊला उघडतं. मी येईन तुमच्याबरोबर." अक्षर तिचं नेहमीसारखंच सुरेख. पान ह्यांच्यापुढे सरकवलं.

तपासनीस उठला होता. हातात फॉर्म तसाच, कुणाला द्यावा ते न कळून. मी हात पुढे केला.

"इकडे द्या."

"वहिनी, घाई नाही. मी पुन्हा येईन."

"पुन्हा कशाला?"

ओट्यावर ठेवूनच लिहिलं. एडका कुणाचा, तिथे भाऊजींचं नाव घातलं. कारण काय, तिथे लोकरीचं लिहिलं, दोन ओळींत बसेल तेवढं. खाली एक चौकट होती: एडक्याची निवड कुणी केली. तिथे मी माझं नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, आणि सही केली. तपासनीसाने वाचलं, मान हलवली, शिक्का काढला आणि मारला. कळप मान्य झाला.

ज्या कागदासाठी ह्या माणसाने अठरा वर्षं दारात येईल त्याचे कान किटवले, तो कागद ह्यांच्या हाताशी टेबलावर होता. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा लावून हे पत्ता वाचत होते.